नकाशाशी भांडायला शिकव

पोरी, राखीव क्षेत्रांच्या आखणीचं प्रशिक्षण तू सिन्नरला घेणार म्हणालीस, ते बरं केलंस. नाशिकच्या गार हॉलमध्ये ठेवलं असतंस तर माणसं आली असती, हजेरीपटावर सह्या केल्या असत्या, जेवली असती आणि दुपारची एसटी गाठायला उठली असती. इथे निदान चहाच्या सुट्टीत बाहेर आलं की माळ दिसतो. तारखा मात्र पंचांग आणि शेत दोन्ही बघून धर. १५ फेब्रुवारी ते १५ जून वणव्याचा हंगाम. त्यात बीटगार्डला सोडत नाहीत, आणि सोडलाच तर त्याचं अर्धं लक्ष फोनकडे. कांद्याच्या लागवडीत गावच्या जैवविविधता समितीतलं कोणी फिरकणार नाही. दोडीच्या म्हाळोबाची यात्रा असेल त्या आठवड्यात धनगर वाड्यावरचं माणूस मिळणार नाही. आणि धनगराशिवाय पूर्व सिन्नरच्या माळाचं प्रशिक्षण घेणार असशील, तर घेऊच नकोस.

मी मोजणीची साखळी ओढून सुरुवात केलेला माणूस, संगणक फार उशिरा हाती आला. पण दोन्हीकडे एकच पाहिलं. नकाशा छापून भिंतीवर लागला की माणसं गप्प होतात. ज्याच्या बांधावरून रेषा गेली तोसुद्धा मान हलवतो, आणि मग घरी जाऊन शिव्या देतो. तुझ्या प्रशिक्षणातून माणूस बटणं शिकून बाहेर पडला तर ती सहा महिन्यांत विसरेल. नकाशाशी भांडायला शिकून बाहेर पडला तर ते टिकेल.

भांडण न झालेला नकाशा काय करतो ते सोलापूर-नगरकडे विचार. १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं, ८,४९६ चौरस किलोमीटरचं. पक्षी माळावर, शेतात, कुठेही फिरतो म्हणून तालुकेच्या तालुके आत घेतले. त्यात गावं आली, रस्ते आले, बाजारपेठा आल्या. जमीन विकायला निघालेल्या खातेदाराला ‘तुमचा गट अभयारण्यात आहे’ हे ऐकावं लागलं. पुढे कित्येक वर्षांनी ती हद्द १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली. तोवर माळढोक म्हटलं की कपाळाला आठी घालणारी एक पिढी तयार झाली होती, आणि पक्षी जवळजवळ संपला होता. तेव्हा तालुक्याच्या नकाशावर हातानं रंग भरला होता. आता तोच रंग संगणक अर्ध्या मिनिटात भरतो.

म्हणून पहिल्या दिवशी लॅपटॉपची झाकणं बंद. मोठा कार्डशीट घे, त्यावर पाच गुणिले पाच अशी पंचवीस घरं आख. घरांना नुसते आकडे देऊ नकोस. वावी, पाथरे, दोडी, नांदूरशिंगोटे, मधला माळ, तळं, गायरान, अशी ओळखीची नावं लिही. मग चिंचोके काढ. साधे चिंचोके म्हणजे धाविक, चुन्यात बुडवलेले म्हणजे लांडगा, हळद लावलेले म्हणजे पखुर्डी. कुठल्या घरात किती ठेवायचे ते तू ठरवू नकोस. बीटगार्ड आणि मेंढपाळ यांना ठेवू दे. इथे पहिला वाद होईल. एक म्हणेल या माळावर लांडगा नाहीच, दुसरा म्हणेल मागच्या वर्षी माझी दोन कोकरं नेली. तो वाद तोडू नकोस. तुझ्या अख्ख्या प्रशिक्षणातली सगळ्यांत महागाची माहिती त्या दहा मिनिटांत बाहेर येते.

मग प्रत्येक घराच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं खर्च लिहायचा. बागाईत असेल तर नऊ, जिराईत चार, खडकाळ माळ एक. आता नियम सांग. लांडग्याचे सहा चिंचोके, धाविकाचे आठ, पखुर्डीचे पाच हाती आलेच पाहिजेत, आणि खर्च कमीत कमी व्हायला पाहिजे. बाजाराला निघालेल्या बाईची यादी ठरलेली असते, पैसे वाचवायचे असतात, तसंच. मार्क्सॅन नावाचं सॉफ्टवेअर याहून वेगळं काही करत नाही, हे इथेच सांगून टाक. दोन गट कर आणि अर्धा तास दे. दोन्ही गटांची घरं वेगळी येतील, खर्चही वेगळा येईल. मग विचार, यापेक्षा स्वस्त जमेल का? पंचवीस घरांतून घ्यायची-सोडायची अशा तीन कोटी पस्तीस लाखांवर जोड्या होतात. सगळ्या तपासायला जन्म पुरायचा नाही. यंत्र कशाला लागतं, हे व्याख्यान न देता कळतं.

शेवटी सुतळी आण. निवडलेल्या घरांच्या कडेनं सुतळी फिरवायला लाव. चार घरं सुटी सुटी घेतली तर सोळा बाजू भरतात, तीच चार एकमेकांना चिकटून चौकोनात घेतली तर आठ. तेवढीच जमीन, पण निम्मी हद्द. बीटगार्डला हे सांगावं लागत नाही. हद्दीचे दगड आणि गस्त त्यालाच सांभाळायची असते. सॉफ्टवेअरमध्ये या सुतळीला किंमत लावायचा एक आकडा असतो. तो वाढवला की तुकडे जुळून येतात, फार वाढवला की उगाच ऊस आणि द्राक्षबागाही आत ओढतो. दुसऱ्या दिवशी तो आकडा वरखाली करून दाखवशील तेव्हा मागच्या बाकावरचा माणूससुद्धा ‘सुतळी महाग केली’ म्हणेल. म्हणाला की समज, तुझं काम झालं.

आता दुसऱ्या दिवसाचं. एका लॅपटॉपवर दोघं बसव, एक कॉलेजचा पोरगा आणि एक बीटगार्ड किंवा समितीतली बाई. माऊस पोराच्या हातात द्यायचा नाही. दिलास तर पोरगा भराभर करून मोकळा होतो आणि दुसरा जांभया देतो. बायका बोलावशील तेव्हा सरपण आणि चारा आणणाऱ्या बोलाव, पदाधिकाऱ्यांच्या मंडळी नकोत. कुठल्या ओढ्याला एप्रिलपर्यंत ओल राहते ते त्यांनाच ठाऊक असतं.

फायलींचं थोडक्यात सांगतो तसं तू सांग, त्यात दिवस घालवू नकोस. फायलींची आणि फोल्डरची नावं इंग्रजी लिपीत, छोटी, मधे जागा न सोडता. नकाशा अक्षांश-रेखांशाच्या अंशांत असताना क्षेत्रफळ काढू देऊ नकोस. आधी तो यूटीएमच्या ४३ उत्तर पट्ट्यात आण, सिन्नर त्यातच येतं. जुन्या टोपोशीटवरून काढलेली रेषा आणि उपग्रहाच्या चित्रावरची रेषा जुळली नाही तर घाबरायचं नाही, दोन्हींचा पाया वेगळा असतो. तो बदलून न घेता पुढे गेलीस तर हद्द दोन-चार बांध ओलांडून दुसऱ्याच्या वावरात जाते. कुठल्या घरात कुठला प्राणी किती, ही फाईल घरांच्या क्रमांकानं लावलेली असावी लागते, नाहीतर उत्तर चुकतं. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लझ नावाचं प्लगइन आहे, त्यातून मार्क्सॅन चालवलं की निम्म्या कटकटी वाचतात. सगळं फुकट मिळतं. पण प्रत्येक लॅपटॉपवर आदल्या दिवशी बसवून, चालवून बघ. सकाळी हॉलमध्ये नेटवर्क शोधत बसलीस तर पहिला तास गेलाच.

घर केवढं घ्यायचं, यावर मात्र वेळ काढ. गाडगीळ समितीनं २०११ च्या अहवालासाठी पश्चिम घाटावर साधारण नऊ बाय नऊ किलोमीटरचे चौकोन टाकले होते. अख्ख्या घाटाकडे बघायला ते ठीक. पण आपलं बोरगड बघ. २००८ साली गिधाडांच्या या डोंगराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, ते जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटर. एक्याऐंशी चौरस किलोमीटरच्या चौकोनात ते कुठल्या कुठे हरवेल. अंजनेरीचं राखीव क्षेत्र सहा चौरस किलोमीटरही नाही. येवल्याचं ममदापूर, काळविटांचं, ते चौपन्न. तू पाचशे बाय पाचशे मीटरचं, म्हणजे पंचवीस हेक्टरचं घर घे. बोरगडची चौदा घरं होतात, सिन्नर तालुक्याची पाच हजारांवर. संगणकाला ते जड नाही, आणि माणसाला आपला माळ त्यात ओळखू येतो.

यापुढे मी जे सांगतोय ते वहीत लिहून घे. नोंद नाही म्हणजे प्राणी नाही, असं यंत्र धरून चालतं. नांदूरमध्यमेश्वर घे. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचा जुना बंधारा, मागे गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, थंडीत पक्षी लोटतात. १९८६ ला अभयारण्य, २०२० ला महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर. हिवाळ्यातल्या रविवारी तिथे पक्ष्यांपेक्षा कॅमेऱ्यांचा किलबिलाट जास्त. त्यामुळे तिथल्या नोंदी ढिगानं. वावीच्या पलीकडच्या माळावर कॅमेरा घेऊन जातंच कोण? तिथल्या नोंदी शून्य. दोन्ही यंत्राला दिल्यास तर ते सांगेल, सगळं नांदूरला आहे, माळावर काहीच नाही. नांदूर तर आधीच राखलेलं आहे! बिबट्याचं उलटं. त्याच्या नोंदी वस्तीजवळ, उसाजवळ, रस्त्याजवळ, कारण माणसं तिथे असतात आणि बोंबही तिथेच होते. नोंदींवर सोडलंस तर यंत्र बिबट्यासाठी तुला निफाडचा ऊस राखायला सांगेल.

उपाय आहे. प्रशिक्षणाच्या मधल्या दिवशी सकाळी, लॅपटॉप उघडण्याआधी, सगळ्यांना घेऊन माळावर जा. पाच-सहा गट कर, नोंदी नसलेली घरं वाटून दे, प्रत्येक घरात ठरावीक वेळ चालायला लाव. काही न दिसलं तर तसंही लिहायला लाव, तारखेसकट. जाऊन पाहिलं आणि काही दिसलं नाही, ही नोंद वेगळी. कोणी गेलंच नाही, ही वेगळी. ऋतूही लिहायचा. मे महिन्यात नांदूरला मोजणी करून बदकं नाहीत म्हणणाऱ्याला काय सांगणार? आणि मेंढपाळाला विचारताना ‘लांडगा आहे का’ असं विचारू नकोस, तो नाही म्हणेल, कारण पुढची भानगड त्याला कळते. ‘यंदा कोकरं कुठे गेली’ असं विचार.

त्यातच एक जपायचं. लांडग्याची घळ कुठे, हे घराच्या आकड्यापर्यंतच ठेव. जीपीएसचा बिंदू पडद्यावर आणू नकोस आणि पेनड्राइव्हवर कोणाला देऊ नकोस. अंजनेरीवरच्या कंदीलपुष्पाचंही तेच. सगळ्यांना सगळं दाखवणं हा मोकळेपणा नव्हे.

आता खर्चाचा रकाना. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही, कारण आकडा नीट दिसतो. शिकाऊ माणूस काय करतो? जमिनीचा सरकारी दर टाकतो. सरकारी जमिनीला दर नाही म्हणून शून्य टाकतो. यंत्राला शून्य म्हणजे फुकट, ते धावत जाऊन सगळी गायरानं उचलतं. गावाच्या नकाशात गायरान रिकामं दिसतं. पण बिनजमिनीच्या माणसाच्या दोन शेळ्या तिथेच चरतात, धनगराचा कळप दिवाळीनंतर तिथूनच जातो. म्हणजे ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याच्या माथी सगळा खर्च मारून तुझा नकाशा स्वस्त झाला. आणि तो माळ माळ म्हणून राहिला आहे तो चराईमुळे, हेही विसरू नकोस. शेळ्या-मेंढ्या बंद केल्या की पाच-सात वर्षांत झुडपं आणि घाणेरी माजते, मग धाविक कुठे अंडी घालणार?

गायरानाला खर्च लावायचा तर तो लोकांकडूनच घे. कार्डशीटवर पुन्हा बस, विचार की हे घर बंद झालं तर किती घरांचा चारा जाईल. एक ते दहा आकडा द्या. त्यांचा आकडा टाक आणि यंत्र पुन्हा चालव. दोन्ही नकाशे शेजारी शेजारी लाव. माझ्या मते या दोन नकाशांतला फरक समजावणं हाच सगळ्या प्रशिक्षणाचा गाभा आहे. तीन दिवसांऐवजी एकच दिवस मिळाला तरी बाकीचं टाकून हे कर.

सरकारी कागदांवरही डोळे मिटून विसंबू नकोस. आपल्याकडे माळाला पडीक जमीन म्हणायची फार जुनी खोड आहे. पडीक म्हटलं की तिथे झाडं लावा, सौर पटल टाका, एमआयडीसी वाढवा. समृद्धी महामार्ग आल्यापासून गोंदेच्या बाजूचे जमिनीचे भाव रेडी रेकनरला विचारत नाहीत. तू खर्चाच्या रकान्यात मागच्या सालचा दर टाकलास तर यंत्र तुला अशी घरं देईल जी आज कोणी द्यायला तयार नाही.

यंत्र चाललं की ‘बेस्ट’ नावाची एक फाईल येते. ती तिसऱ्या दिवसापर्यंत उघडू देऊ नकोस. सगळे तिकडेच बघत बसतात आणि प्रश्न संपतात. मार्क्सॅन प्रत्येक वेळी थोडं वेगळं उत्तर देतं, कारण सुरुवातीला ते वाईट बदलही पोटात घालत शोधतं आणि हळूहळू कडक होत जातं. म्हणून शंभर वेळा चालवायचं आणि कुठलं घर किती वेळा निवडलं गेलं ते बघायचं. एखादं घर शंभरात पंच्याण्णव वेळा येत असेल तर त्याला पर्याय नाही, तिथे जाऊन बसा. चाळीस वेळा येणाऱ्या घरांत वाटाघाटीला जागा आहे. हे नको असेल तर शेजारचं चालेल. ग्रामसभेत बोलताना ही दुसरी यादीच तुझ्या कामाची.

ग्रेट बॅरियर रीफचं उदाहरण देशील, सगळे देतात. इयान बॉल आणि ह्यू पॉसिंगहॅम यांनी घडवलेलं हे सॉफ्टवेअर २००४ च्या तिथल्या नव्या आखणीत वापरलं आणि मासेमारी पूर्ण बंद असलेला भाग पाच टक्क्यांखालून तेहतीस टक्क्यांवर गेला. पण एवढंच सांगून थांबू नकोस. त्या आखणीवर लोकांच्या एकतीस हजारांवर सूचना आणि हरकती आल्या होत्या, आणि त्या बघून रेषा हलवल्या गेल्या. यंत्रानं काढलेला नकाशा जसाच्या तसा तिकडेही लागला नाही. गाडगीळ समितीनंही आपल्या आखणीवर ग्रामसभांनी बोलावं असं लिहून ठेवलं होतं. लोकांपर्यंत पोचला तो मात्र ‘तुमचा अख्खा तालुका लाल’ एवढाच निरोप. तालुका हे घर फार मोठं, हे त्यातूनही शिकण्यासारखं.

शेवटच्या दिवशी दुपारनंतर यंत्र बंद आणि सातबारा उघडा. कायदा चौकोन ओळखत नाही, तो गट नंबर आणि चतुःसीमा ओळखतो. महाभूनकाशावरून गट काढायला लाव आणि प्रत्येक चौकोनाखाली कुठले गट येतात ते लिहायला लाव. मग २००२ च्या दुरुस्तीनं वन्यजीव कायद्यात आलेल्या दोन वाटा सांग. सरकारी जमीन असेल तर संवर्धन राखीव क्षेत्र, लोकांची असेल आणि ते आपण होऊन देत असतील तर समुदाय राखीव क्षेत्र. दोन्हींत लोकांना समितीत जागा आहे. कुठला गट नंबर कुठल्या वाटेनं जाईल हे प्रशिक्षणातल्या प्रत्येक गटानं स्वतः लिहावं. दोन पानं, मराठीत, रंगीत नकाशा एकच. पन्नास पानांचा अहवाल पंचायतीच्या कपाटात जातो, दोन पानं निदान वाचून दाखवता येतात.

प्रमाणपत्रं वाटायची तर वाट, पण महिन्यानं परत ये. फोन करू नकोस, स्वतः ये. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर फाईल शेवटची कधी उघडली ती तारीख बघ, आणि ग्रामसभेत दोन पानं वाचली का ते विचार. चार जणांनी जरी आकडे बदलून नवा नकाशा काढला असेल, आणि तो तुझ्या नकाशाशी जुळत नसेल, तर प्रशिक्षण झालं. कोणीच उघडली नसेल तर पुन्हा घे, आणि या वेळी हॉल घेऊ नकोस, त्यांच्याच बीटमध्ये घे.